धूळ झोपवणारी अनसूबाई

अनसूबाई गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी वालाच्या शेंगा निवडत बसले होते. फोन वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून होता, शेवटी ती जिच्याकडे राहत होती त्या भाचीचा, वंदनाचा. वंदना शाळेत शिकवते, एरवी बोलणं खणखणीत. त्या दिवशी मात्र तिला वाक्य पुरं करता येईना. "मावशी, आमची आत्या..." एवढं म्हणाली आणि थांबली. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही, आता गावी न्यायचं आहे, तशी आत्याची ताकीदच होती, हे मग हळूहळू कळलं. ताकीदच असणार. विनंती करणं त्या बाईच्या स्वभावात नव्हतं. मी वंदनाला म्हटलं, रड बाई, पण बेतानं रड. तुझी आत्या हरून गेलेली नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. मध्यंतरी एका पत्रकात तिच्याविषयी चार ओळी छापून आल्या. त्यात ती 'प्रेमळ आणि मनमिळाऊ' होती असं लिहिलेलं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मनमिळाऊ! अनसूबाई मनमिळाऊ असती तर आमच्या गावातली निम्मी माणसं खोकून मेली असती. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तिला जितकं मी ओळखत होते तितकं दुसरं कोणी ओळखत असेल असं मला वाटत नाही. आमची ओळखच मुळात भांडणातून झालेली होती.

आमचं गाव हिंगणघाटपासून बैलगाडीच्या अंतरावर. मी तिथल्या माळ्याच्या घरात सून म्हणून आले, त्याच्या सात-आठ वर्षं आधीच गावाच्या उगवतीच्या टेकडीवर गिट्टीची खदान जोरात सुरू झाली होती. मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि रस्त्याला गिट्टी लागत होती. ठेकेदार बाहेरचा. खदानीनं गावाला काहीच दिलं नाही असं कोणी म्हणालं तर मी आजही त्याच्याशी वाद घालीन. आधी मजुरी म्हणजे ज्वारीची पायली. खदान आली आणि आठवड्याच्या आठवड्याला रोकड हातात पडू लागली. कुडाच्या घरांवर टीन चढलं, चहाची टपरी आली, कोणी सायकल घेतली, कोणी पोरीला नवं लुगडं. पण ज्या घरावर टीन चढलं त्याच घरात, दोन-तीन वर्षांत, भिंतीला टेकून खोकणारा एक माणूसही दिसू लागला. पुरुष पहार मारून दगडात सुरुंगाची भोकं पाडत, बाया खाली बसून हातोडीनं गिट्टी फोडत. दिवसभर टेकडीवरून पांढुरकी धूळ उठायची आणि वारा ती थेट आमच्या वाडीवर आणून टाकायचा. आमची वांगी, पालक, मेथी... सगळ्यावर पीठ चाळल्यासारखा थर. हिंगणघाटच्या बाजारात गिऱ्हाइकं आमच्या पाटीकडे पाहायची आणि पुढच्या पाटीवर जायची.

एक दिवस मी तरातरा खदानीवर गेले. नवी सून, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, पण जीभ मोकळी. पहिली जी बाई दिसली तिच्यावरच तोंड सोडलं. ती अनसूबाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उन्हानं रापलेली, भुवयांवर धूळ बसून म्हातारी दिसणारी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, हातोडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मालीणबाई, तुह्या वांग्यावर पडते तं तू धुते. माह्या छातीत पडते, थे कुठं धुवू, सांगजो."

मी आल्या पावली घरी वळले. परत आल्यावर सासूबाईंकडून कळलं की तिचा नवरा पहारवाला होता आणि खोकून-खोकूनच गेला होता. पाठीमागे मूलबाळ नाही. होता एक धाकटा भाऊ, किसन, तिनंच वाढवलेला. नुकतंच त्याचं लग्न झालं होतं आणि नवऱ्याच्या हातातली पहार आता त्या भावाच्या हातात आली होती. अनसूबाईचा सगळा जीव त्या एका माणसात होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्या खोकल्याची गोष्ट सांगायला हवी. टेकडीच्या माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याला सगळे टेकडीवरची माय म्हणत. खदान म्हणजे मायच्या अंगावर घाव, म्हणून माय खोकला देते, असा गावाचा पक्का समज. त्यावर तोडही ठरलेली. पावसाळ्यात खड्डा भरला की खदान बंद व्हायची. दिवाळीच्या पाडव्याला ती पुन्हा उघडायची, तेव्हा मायला बकरा द्यायचा. बकऱ्याची वर्गणी मजुरांकडूनच. आणि एक पुरावाही गावाकडे होता. पावसाळ्यात मजुरांचा खोकला खरोखरच उतरायचा. म्हातारी माणसं सांगत, पावसात माय झोपते, दिवाळीला जागी होते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, देवभोळे. ते तर हे असं सांगायचे की जणू मायच्या उशाशी बसून आले आहेत. मीही विश्वास ठेवत होते. ठेवणार नाही तर काय करणार, खोकला तर डोळ्यांपुढे उतरत होता.

छप्पन सालच्या दसऱ्याला टेकडीखालच्या वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षेला गेली. अनसूबाई आणि किसन चालत, गाडीनं, मिळेल तसे गेले. परत आली तेव्हा ती पांढऱ्या लुगड्यात होती आणि चालच बदलली होती. आधी आमच्या घरावरून जाताना खाली पाहून जायची. आता समोर पाहून जाऊ लागली. ती दसऱ्याची गोष्ट, आणि पाडवा आला तीन आठवड्यांत. मुकादम वर्गणी मागायला वस्तीत गेला तर अनसूबाई दारातच उभी. आता आम्ही हे मानत नाही, बकरा देणार नाही, आणि हजेरीतून कापलं तर कामावर येणार नाही, असं तिनं सांगितलं. तिच्यामागे सगळी वस्ती उभी राहिली. ठेकेदारानं मग स्वतःच्या खर्चानं बकरा कापला, कारण गिट्टी तर त्याला हवीच होती. पण गावात कुजबुज सुरू झाली. पाहा म्हणे आता, माय कोणाला धरते.

आणि मायनं किसनलाच धरलं! म्हणजे गाव असं म्हणालं. संक्रांतीच्या आत त्याला खोकला लागला, तसाच कोरडा, खालून ओढून आल्यासारखा. गावातली चांगली-चांगली माणसं डोळे मोठे करून सांगू लागली की बघा, देवीशी वैर धरलं की असं होतं. बकरा दिलेल्या वर्षांतही माणसं खोकतच होती, हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. किसनची बायको रडून-रडून म्हणू लागली की लपून एक कोंबडं तरी देऊ. स्वतः किसनही मनातून हलला होता. पहार सोडून दुसरं काम शोध म्हणावं, तर त्या दिवसांत शेतातली मजुरीही मिळेना. अनसूबाईनं सगळ्यांना गप्प केलं, पण एक दुपारी ती आमच्या वाडीच्या धुऱ्यावर, बांधावर, येऊन बसली. त्या भांडणानंतर आमचं हळूहळू बोलणं सुरू झालं होतं. बसल्या जागी गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "शब्द देऊन आली मी तिथं. आता हा गेला तं लोक म्हणतीन का शब्दानं मारला. मी चुकली का वं, मालीणबाई?"

तिला अशी खचलेली मी त्या एकदाच पाहिली. मी तिला धीर दिला असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले, एवढंच.

त्याच महिन्यात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस झड लागून राहिली, आमची मेथी झोपली, मामाजी आभाळाला शिव्या घालत बसले. खड्ड्यात काही फार पाणी भरलं नाही आणि रस्त्याचं काम अडलेलं, म्हणून ठेकेदारानं पोती पांघरून का होईना पण काम चालूच ठेवायला लावलं. ओल्या दगडावर पहार, ओल्या दगडावर हातोडी. पाऊस उघडल्यावर अनसूबाई सकाळीच वाडीवर आली. चेहरा असा की मला वाटलं, किसनचं काहीतरी झालं. तिनं मला हात धरून धुऱ्यापाशी नेलं आणि टेकडीकडे बोट केलं. टेकडीवर बायांचे हात चालत होते, हातोड्यांचा आवाज येत होता, आणि वर धूळ नव्हती. "माय जागी होती ना वं?" ती म्हणाली. "खदान चालू होती, घाव पडून राह्यले होते. तरी किसन दोन दिवस खोकला नाई. माय झोपत नाई, बाई. पाण्यानं धूळ झोपते."

आज हे वाचणाऱ्याला वाटेल, यात काय मोठं... धुळीनं खोकला होतो हे कोणालाही कळतं. पण सगळं गाव एका गोष्टीकडे एका बाजूनं पाहत असताना दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायला छाती लागते. नागपूरहून तिनं काय आणलं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते. खोकला देवीचा नाही असं एकदा ठरवल्यावर तो कशाचा, हे शोधणं तिला भागच होतं.

मग तिची मागणी तयार झाली. खड्ड्यात झिरपणारं पाणी ठेकेदार इंजिन लावून उपसायचा आणि नाल्यात सोडायचा. तेच पाणी चरातून बाया बसतात तिथं आणून द्या. आम्ही दगड भिजवून फोडू, सुरुंगाच्या भोकात पाणी ओतून पहार मारू. यात ठेकेदाराचं काय जाणार होतं? एक चर खणायचा, बस. पण तो ऐकेना. त्याचं म्हणणं, पाणी शिंपण्यात हात गुंतले की गिट्टी कमी निघेल. खरी गोष्ट वेगळी होती असं माझं मत आहे. पाणी दिलं म्हणजे धूळ आहे हे कबूल केलं, आणि धूळ कबूल केली की आधी गेलेली माणसं कशानं गेली हा प्रश्न आलाच. तो खोकला मायच्या नावावर होता तोवर ठेकेदार सुखी होता. त्यानं सांगितलं, पटत नसेल तर घरी बसा, मी दुसरीकडून मजूर आणतो.

आता इथं आमच्या घराचा संबंध येतो. खदानीतून गिट्टीच्या गाड्या बाहेर निघायच्या त्या आमच्या वाडीच्या कडेनं, मामाजींच्या जमिनीतून. दुसरी वाट नव्हती. मामाजींनी ती मोठ्या मनानं मोकळी दिली होती. मी अनसूबाईला म्हटलं, चल, त्यांच्याशी बोल. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती आमच्या घरात येऊ शकत नव्हती. गावात तिच्या लोकांची विहीरसुद्धा वेगळी होती, ते मी झाकून ठेवणार नाही. ती वाडीच्या कडेला उभी राहिली आणि मामाजी मोटेपाशी. मध्ये मी, इकडे एकदा तिकडे एकदा पाहत. तिनं सरळ सांगितलं की दादाजी, तुमची माय तुमच्यापाशी राहू द्या, तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मला पाणी पाहिजे. धूळ बसली तर तुमचा भाजीपाला बाजारात जाईल, आणि आमच्याकडून उरलेलं पाणी तुमच्या वाडीत उतरेल. उन्हाळ्यात तुमची विहीर तळ दाखवते, तेव्हा हे पाणी कामाला येईल.

मामाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भाजीचं त्यांना पटत होतं, पण मायचं काय? बकरा नाकारणाऱ्यांना मदत करायची म्हणजे देवीशी बेइमानी. मी मनात म्हटलं, संपलं. आणि मग ते अचानक म्हणाले, "दगडावर पाणी घालणार म्हणता. रोज?"

"रोज," अनसूबाई म्हणाली. "दिवसभर."

"म्हणजे मायच्या अंगावर पाणी." मामाजींचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हा तं अभिषेकच झाला. बकऱ्यापरीस मोठा!"

मी पदराआड हसू दाबलं. अनसूबाई हसली नाही. तिनं मान किंचित वाकडी केली, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तुमचा अभिषेक, दादाजी. आमचं पाणी." मामाजी म्हणाले, चालेल. दोन माणसांचं इतकं वेगवेगळं मत असून इतकं लवकर जमलेलं मी नंतर कधीच पाहिलं नाही, ग्रामपंचायतीत दहा वर्षं बसूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी आपली बैलगाडी वाटेवर आडवी लावली, बैल सोडून नेले आणि गाडीच्या सावलीत चिलीम ओढत बसले. वर टेकडीवर बायांनी हातोड्या मांडीवर ठेवल्या. सगळ्या बसून, एकही दगड फुटेना. मुकादम आला, ओरडला, गेला. मग ठेकेदार स्वतः आला. त्याला वाटलं होतं, माळी आणि ही वस्ती एकत्र येणं शक्यच नाही. मामाजींना बाजूला घेऊन त्यानं तेच समजावलं, की बुढे बाबा, इन लोगों के चक्कर में मत पडो, यांनी तुमची देवी सोडली. मामाजी शांतपणे म्हणाले की देवीनंच सांगितलं आहे, तिला पाणी पाहिजे. ठेकेदार देवीच्या नावावर इतकी वर्षं बकरे कापत आला होता. आता देवीला खोटं कोणत्या तोंडानं म्हणणार? तो घाम पुसत उभा राहिला. त्याच्याकडे पाहून टेकडीवरच्या बाया हसायला लागल्या, आणि तो हशा खालीपर्यंत ऐकू आला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, पण त्या हशाची सर कशालाच नाही.

गिट्टी पुढे पोचेना तसा रस्त्याच्या कामावरून तगादा लागला, आणि आठवडी बाजाराच्या आत ठेकेदारानं हात टेकले. चर खणायला वस्तीतले आणि आमच्या घरातले असे सगळेच होते. इंजिन सुरू झालं, गढूळ पाणी चरातून पळत आलं, आणि अनसूबाईनं पहिला डबा भरून दगडावर ओतला. पाणी दगडावरून ओघळताना तिनं पाहिलं. मग म्हणाली, "फोडा." किसनच्या पहारीखालून धुळीऐवजी चिखल निघू लागला. चिंधी गुंडाळलेल्या काडीनं तो चिखल बाहेर काढायचा आणि पुन्हा पाणी ओतायचं. गिट्टी कमी निघाली का? उलट, खोकायला थांबणारी माणसं थांबेनाशी झाली, म्हणून गिट्टी जास्तच निघाली.

सगळेच वाचले असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या छातीत धूळ आधीच बसली होती ते दोन पहारवाले पुढच्या काही वर्षांत गेले, आणि प्रत्येक वेळी अनसूबाई नवऱ्यासाठी बसली असेल तशी त्यांच्या अंगणात बसली. पण नवा कोणी भिंतीला टेकला नाही. किसनचा खोकला त्या पावसाळ्यात गेला तो दिवाळीनंतर परत आला नाही. मग ती काही थांबते! बायांसाठी सावलीचे मांडव मागितले, ते घेतले. नंतर मजुरांची सहकारी संस्था झाली आणि खदानीचा ठेका संस्थेनंच घेतला. पहिल्या वर्षी अध्यक्ष कोण हे सांगायची गरज नाही. पाडव्याला खदान उघडताना बकऱ्याच्या जागी गावाला जेवण सुरू झालं, त्यात आमच्या वाडीची वांगी. वांगी स्वच्छ होती, हिंगणघाटच्या बाजारात दुपारच्या आत पाटी रिकामी व्हायची. मामाजी शेवटपर्यंत सांगत राहिले की हा अभिषेकाचा प्रताप. अनसूबाई ऐकायची आणि मला डोळ्यानं खुणावायची, बोलू दे त्याइले.

नंतर ती माझ्या घरात यायला लागली, सरळ स्वयंपाकघरापर्यंत. सासूबाईंनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग चहा घातला. आम्ही दोघींनी पन्नासेक वर्षं मनसोक्त भांडणं केली. तिला माझी भाजी कधी तिखट लागायची, कधी अळणी. मला तिचा हट्ट असह्य व्हायचा. ती म्हणायची, मालीणबाई, तुझी जीभ खदानीत पाठवली असती तर सुरुंग लागलेच नसते. आता असं कोण म्हणणार मला...

त्या दिवशी तिला गावी आणलं तेव्हा उन्हं चढली होती. जाळायची जागा टेकडीच्या अंगाला, चढावर. तरणी पोरं खांद्याला खांदा बदलत होती, धापा टाकत होती. पुढच्या डाव्या खांद्यावर किसन होता. पंच्याहत्तरी उलटलेला, केस कापसासारखे. कोणी दोन-तीनदा म्हणालं, काका, द्या इकडे. त्यानं मानेनंच नाही म्हटलं आणि तिला वरपर्यंत नेलं. खाली ठेवलं, आणि भंतेजींच्या मागोमाग त्यानंच त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. मी शब्द ऐकत नव्हते, ते मला पाठ आहेत. मी त्याचा श्वास ऐकत होते. चढ चढून आलेला म्हातारा, भोवती कोवळी पोरं अजून कमरेवर हात ठेवून उभी, आणि हा आपला टेकडीभर आवाजात म्हणतो आहे, ओळीमागून ओळ, कुठं तुटत नाही, कुठं अडत नाही.

सगळं झाल्यावर तो माझ्यापाशी आला. मी डोळे पुसत होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढा चढ चढलास, दम नाही लागला का रे, किसन?

"दम कायले लागन वं, मालीणबाई," तो म्हणाला. "थो तं तिनं तवाच भांडून आणला माह्यासाठी."